देव गप्प राहिला, कीं देवाचे कारभारी?

आफ्रिका खंडाच्या मध्यभागीं रवांडा नांवाचा एक लहानसा डोंगराळ देश आहे. तेथील बहुतेक लोक आपल्यासारखेच शेतकरी. टेकडीच्या उतारावर कुदळीनें जमीन खणावयाची, घेवडा, रताळीं, केळीं, ज्वारी पिकवावयाची, जमल्यास चार गुरें पाळावयाचीं, असा त्यांचा संसार. जगाच्या निर्माणकर्त्यास ते 'इमाना' म्हणतात. पाद्री त्या देशांत येण्याच्या फार आधींपासून हें नांव तेथें चालत आलें आहे. त्यांची एक जुनी म्हण अशी कीं, इमाना दिवसभर कोठेंही हिंडो, रात्रीं मुक्कामाला रवांडांतच येतो. वारकऱ्याला विठोबा जसा आपल्या घरचा वाटतो, तसाच त्या लोकांना त्यांचा देव घरचा वाटत असे.

त्याच देशांत १९९४ सालीं, एप्रिलच्या ७ तारखेपासून सुमारें शंभर दिवसांत, आठ लाखांच्या आसपास माणसें ठार मारलीं गेलीं. तेथील सरकारचा आंकडा तर दहा लाखांच्या वर आहे. मेलेले बहुतेक तुत्सी जमातीचे होते. त्यांच्याबरोबर या कत्तलीस विरोध करणारे हुतूही मारले गेले. हें काम परकी फौजेनें केलें नाहीं. सरकारी फौज व पक्षाच्या टोळ्या यांनीं पुढाकार घेतला, आणि शेजाऱ्यानें शेजाऱ्यास कोयत्यानें, कुदळीनें व खिळे ठोकलेल्या सोट्यानें मारलें. ज्या हत्यारानें सकाळीं शेतांत काम करावयाचें, त्याच हत्यारानें.

त्या शंभर रात्रीं इमाना मुक्कामाला कोठें होता, असें वांचलेल्या माणसांनीं विचारलें. तीस वर्षें उलटून गेलीं तरी तो प्रश्न जागचा हललेला नाहीं. देश दूरचा आहे, पण प्रश्न दूरचा नाहीं. ज्याच्या घरांत देव्हारा आहे आणि ज्याच्या गांवांत उंच-नीच आहे, त्या प्रत्येकाचा तो प्रश्न आहे. म्हणून आज आम्ही तो आमच्या वाचकांपुढें मांडीत आहों.

या कत्तलीची सर्वांत भयंकर गोष्ट ही कीं, ती पुष्कळ ठिकाणीं देवळांतच झाली. त्या काळीं रवांडांतील दहांतील नऊ माणसें ख्रिस्ती होतीं, आणि त्यांतील बहुतेक रोमन कॅथलिक पंथाचीं. पूर्वींच्या दंगलींत जे लोक ख्रिस्ती देवळांत शिरले ते वांचले होते. म्हणून याही वेळीं लोक पोरेंबाळें व पांघरुणें घेऊन देवळाकडेच धांवले. न्तारामा येथील देवळांत व आवारांत सुमारें पांच हजार लोक मारले गेले. मुगोनेरो येथें दुसऱ्या एका ख्रिस्ती पंथाचें देऊळ व दवाखाना होता. तेथें आसरा घेतलेल्या पाद्य्रांनीं आपल्या मुख्य पाद्य्रास चिठ्ठी लिहिली कीं, उद्यां आम्हांस मारणार आहेत, आपण मध्यस्थी करावी. दुसऱ्या दिवशीं, १६ एप्रिल रोजीं, तेथें कत्तल झाली. त्या मुख्य पाद्य्रास आंतरराष्ट्रीय न्यायालयानें पुढें २००३ सालीं दोषी ठरविलें. त्याच १६ एप्रिलला न्यांगे गांवीं सुमारें दीड हजार माणसें देवळांत कोंडलेलीं असतांना तें देऊळच बुलडोझरनें त्यांच्या अंगावर पाडण्यांत आलें. तेथील पाद्री आतानाज सेरोंबा यास न्यायालयानें २००६ सालीं दोषी ठरवून पंधरा वर्षांची कैद दिली, आणि अपिलांत २००८ सालीं ती वाढवून जन्मठेप केली.

आतां, 'देव कोठें होता?' या प्रश्नास जीं उत्तरें दिलीं जातात, तीं एकेक तपासून पाहूं. शेतकरी बाजारांत बैल घेतांना दांत पाहतो, चालवून पाहतो. धर्माचीं उत्तरें मात्र तो डोळे मिटून घेतो. तसें करण्याचें कांहीं कारण नाहीं.

पहिलें उत्तर आपल्या घरोघरीं तयारच असतें: 'ज्याचें त्याचें पूर्वजन्मींचें कर्म.' हें उत्तर आम्हांस मुळींच मान्य नाहीं. न्यांगेच्या देवळांत तान्हीं मुलेंही होतीं. त्यांना मागील जन्माच्या पापाची शिक्षा मिळाली असें म्हटलें, तर बुलडोझर चालविणारा देवाचा बेलिफ ठरतो, आणि त्यास रुकार देणारा पाद्री देवाचा न्यायाधीश ठरतो. मग त्या पाद्य्रास जन्मठेप देणारें न्यायालयच गुन्हेगार म्हणावें लागेल! ज्या विचारानें मारणारा सुटतो आणि मेलेल्याच्या माथीं दोष येतो, तो विचार धर्माचा नव्हे, मारणाऱ्याच्या सोयीचा आहे. याच कर्माचें माप आमच्या आज्या-पणज्यांच्या पदरांत घालून त्यांना पिढ्यान् पिढ्या उंबऱ्याबाहेर बसविण्यांत आलें. तें आम्हांस चांगलें ओळखीचें आहे.

दुसरें उत्तर: 'देव भक्ताची परीक्षा पाहतो.' आम्ही मास्तर आहों. परीक्षा म्हणजे काय हें आम्हांस ठाऊक आहे. मुलाला काय येत नाहीं तें कळावें, तें त्यास शिकवावें, आणि तो वरच्या इयत्तेंत जावा, यासाठीं परीक्षा असते. ज्या परीक्षेंत मूलच मारलें जातें, तिला परीक्षा म्हणणें हा भाषेचा अपमान आहे.

तिसरें उत्तर मारेकऱ्यांनींच दिलें. कबुलीजबाब देतांना पुष्कळांनीं सांगितलें कीं, आमच्या अंगांत सैतान शिरला होता. हा सैतान मोठा हिशेबी दिसतो! त्याला नांवांच्या याद्या वाचतां येत होत्या. तो नाक्यावर उभा राहून ओळखपत्रें तपाशीत होता. मेलेल्या शेजाऱ्याच्या घराचे पत्रे व दाराच्या चौकटी काढून नेत होता, आणि त्याचीं गुरें आपल्या दावणीला बांधीत होता. अंगांत आलेला माणूस बेभान असतो. हे पूर्ण भानावर होते.

चौथें उत्तर: 'देव नाहींच.' ज्याचें सर्व घर त्या शंभर दिवसांत गेलें त्यानें असें म्हटलें, तर त्याच्याशीं वाद घालण्याचा अधिकार कोणास नाहीं. त्याच्यापुढें पोथी उघडणें हा निर्दयपणा आहे. परंतु जे दूर बसून या उत्तरावर समाधान मानतात, त्यांना आम्ही इतकेंच विचारतों कीं, देव नसल्यास प्रश्न मिटतो काय? संयुक्त राष्ट्रसंघ ही तर माणसांनीं काढलेली संस्था. तिची फौज त्या वेळीं रवांडांत होती, आणि तिचा सेनापति जनरल दालेर अधिक माणसें मागत होता. २१ एप्रिल १९९४ रोजीं, कत्तल ऐन भरांत असतांना, सुरक्षा समितीनें ती फौज उतरवून २७० माणसांवर आणण्याचा ठराव केला. देवाच्या मौनाबद्दल तक्रार करणाऱ्या मोठ्या राष्ट्रांनीं आपलें मौन मात्र ठराव करून, सह्या घालून पाळलें.

कित्येक भाविक तर असें म्हणतात कीं, देव गप्प नव्हताच. किबेहो या गांवीं १९८१ सालापासून शाळेंतल्या मुलींना मरीयामातेचें दर्शन होऊं लागलें, आणि १९८२ च्या ऑगस्टांत त्यांना रक्ताच्या नद्या दिसल्या, असें त्यांनीं हजारों यात्रेकरूंपुढें सांगितलें. कॅथलिक धर्मसत्तेनें २००१ सालीं या दर्शनांस मान्यताही दिली. दर्शन खरें कीं खोटें या वादांत आम्ही शिरत नाहीं. खरें धरून चाललें, तरी पुढें काय झालें? त्याच किबेहोच्या देवळांत एप्रिल १९९४ मध्यें हजारों लोक मारले गेले, आणि देऊळ पेटविण्यांत आलें. आकाशांतून सूचना आली असें मानणारा सबंध देश होता. परंतु याद्या करणाराचा हात धरावयास जमिनीवर कोणी उठलें नाहीं.

मग आमचें उत्तर काय? देवळांत कोंडलेल्या मुलांनीं जी प्रार्थना केली असेल ती ऐकली कां गेली नाहीं, याचें उत्तर आमच्याजवळ नाहीं. तें आपल्याजवळ आहे असें जो म्हणतो, तो त्या उत्तराबरोबर दुसरेंही कांहीं विकावयास बसला आहे असें खुशाल समजावें. परंतु या प्रश्नाच्या शेजारीं एक दुसरा प्रश्न आहे, त्याचें उत्तर मात्र साफ देतां येतें. देवाच्या वतीनें बोलण्याचा मक्ता ज्यांनीं घेतला होता, ते काय करीत होते?

रवांडांत पहिलें कॅथलिक ठाणें १९०० सालीं सावे या गांवीं पडलें. हुतू आणि तुत्सी यांची भाषा एक, देव एक, राहण्याच्या टेकड्या एक. गुरें बाळगणारा तुत्सी व जमीन खणणारा हुतू असा ढोबळ भेद होता. त्यांत उंच-नीचही होतें. पण एखाद्या हुतूचा कळप वाढला तर तो तुत्सींत गणला जाऊं शके. युरोपियनांनीं येऊन सांगितलें कीं, तुत्सी हे उत्तरेकडून, इथिओपियाच्या बाजूनें आलेले श्रेष्ठ वंशाचे विजेते आहेत, आणि राज्य करणें हा त्यांचा जन्मसिद्ध गुण आहे. पाद्य्रांनीं हीच गोष्ट शाळांतून शिकविली, आणि सरदारांच्या मुलांना शिक्षणांत पुढें काढलें. बेल्जियन सरकारनें १९३३-३४ च्या सुमारास शिरगणती करून प्रत्येकाच्या हातीं जमातीचें नांव लिहिलेलें ओळखपत्र दिलें. झालें! पाण्यासारखी असलेली गोष्ट दगडासारखी झाली. १९४६ सालीं तेथील राजानें सबंध देशच ख्रिस्तराजाला अर्पण केला. पुढें वारें फिरलें, तसे पाद्रीही फिरून हुतूंच्या बाजूस गेले. स्वातंत्र्यानंतर हुतूंचें राज्य आलें, तेव्हां देशाचा आर्चबिशप सत्ताधारी पक्षाच्या मध्यवर्ती समितींत वर्षानुवर्षें सभासद होता. १९९० सालीं पोपची स्वारी यावयाच्या सुमारास तो त्यांतून बाहेर पडला.

राजा बदलला, पक्ष बदलला, पण देवाचा कारभारी प्रत्येक वेळीं गादीच्या शेजारींच बसलेला दिसला. अशा कारभाऱ्याच्या हातीं देवळाची किल्ली राहिली, म्हणजे संकटाच्या दिवशीं दार कोणासाठीं उघडेल, हें निराळें सांगावयास नको. महात्मा जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं सत्यशोधक समाज स्थापून सांगितलें कीं, निर्मिक आणि त्याचीं लेकरें यांच्यामध्यें दलाल नको. कित्येकांना वाटतें, हें लग्न-श्राद्धाची दक्षिणा वांचविण्यापुरतें होतें. दलालाच्या हातीं दिलेली श्रद्धा माणसाचा जीवही घेते, हें रवांडानें दाखविलें आहे.

येथवर वाचून आमचे वाचक मान डोलावतील. आतां जें सांगावयाचें तें कडू आहे, पण तें सांगितल्यावांचून हा लेख अपुरा राहील.

रवांडांत मारणारे कोण होते? पूर्वीं ज्यांना खालीं दाबलें होतें, त्या बहुसंख्य समाजाच्या नांवानें हें सर्व झालें. हुतूंची तक्रार खोटी नव्हती. त्यांच्यावर वेठ होती, शाळा-नोकऱ्यांत त्यांना मागें ठेविलें होतें. १९५७ सालीं त्यांच्या पुढाऱ्यांनीं जो जाहीरनामा काढला, त्यांतील गाऱ्हाणीं वाचून आमच्या लोकांस आपलींच वाटावीं. परंतु त्याच जाहीरनाम्यांत ओळखपत्रावरील जमातीचें नांव काढून टाकूं नये, अशीही मागणी होती. तेथेंच पाऊल वांकडें पडलें. जन्माची जी पाटी पूर्वीं त्यांच्या गळ्यांत धोंड्यासारखी होती, तीच त्यांना दुसऱ्याच्या गळ्यांत हवी झाली. पाद्य्रांनीं तुत्सींच्या मोठेपणासाठीं रचलेली 'बाहेरून आलेले विजेते' ही गोष्ट आतां उलटी वापरण्यांत आली. १९९२ च्या नोव्हेंबरांत लेओन मुगेसेरा या पुढाऱ्यानें सभेंत सांगितलें कीं, या लोकांना न्याबारोंगो नदीच्या वाटेनें इथिओपियास परत पाठवूं. १९९४ सालीं त्या नदीच्या पाण्यांतून प्रेतें वाहत व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत गेलीं.

आमच्या चळवळीनेंही 'बाहेरून आलेले आर्य' ही गोष्ट सांगितली आहे. जोतीरावांनीं ती सांगितली ती जन्मावरून येणाऱ्या मोठेपणास देवाचा शिक्का नाहीं, हें दाखविण्यासाठीं. त्याच जोतीरावांनीं १८६३ सालीं ब्राह्मण विधवांसाठीं आपल्या घरीं आसरा उघडला, आणि एका ब्राह्मण विधवेचा मुलगा दत्तक घेऊन त्यास आपलें नांव दिलें. त्यांचा झगडा उंच-नीचाशीं होता. कोणाच्या पोटीं जन्मलेल्या पोराशीं नव्हता. हें आमच्या लोकांस नेहमींच आठवलें असें नाहीं. ३० जानेवारी १९४८ रोजीं गांधीजींचा खून झाल्यावर सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत ज्यांचा त्या खुनाशीं कांहींएक संबंध नव्हता अशा ब्राह्मणांचीं घरें जाळण्यांत आलीं. जाळणाऱ्या जमावांत बहुजनसमाजांतील माणसें पुष्कळ होतीं. रवांडाशीं त्याची बरोबरी होत नाहीं, हें आम्ही जाणतों. परंतु एकाच्या अपराधासाठीं त्याच्या जातीचें दार शोधीत जाणें, ही वाट तीच आहे. अंतर तेवढें कमी-जास्त. अन्याय सोसल्यानें कोणी आपोआप न्यायी होत नाहीं, आणि 'आम्ही बहुसंख्य' हा कांहीं पुण्याचा दाखला नव्हे.

आतां दुसरी बाजू पाहा. गिसेन्यी गांवीं फेलिसिते नियितेगेका नांवाची एक हुतू धर्मसेविका होती. तिनें तुत्सी लोकांस आपल्याकडे लपविलें होतें. तिचा भाऊ फौजेंत अधिकारी होता; त्यानें तिला, तूं तेवढी निघून ये, असा निरोप धाडला. या लोकांना सोडून मी येणार नाहीं, असें तिनें कळविलें. २१ एप्रिल १९९४ रोजीं त्या लोकांबरोबर तीही मारली गेली. न्यूयॉर्कांत तो २७० चा ठराव झाला, त्याच दिवशीं. सेरोंबाचें बायबल व हिचें बायबल निराळें नव्हतें.

आणि न्यांगे! जेथें देऊळ पाडलें, त्याच गांवच्या माध्यमिक शाळेंत १८ मार्च १९९७ रोजीं रात्रीं बंदूकवाले शिरले. हुतू एका बाजूस व तुत्सी एका बाजूस व्हा, असें त्यांनीं मुलांस फर्माविलें. मुलांनीं जागचें हलण्याचें नाकारलें. आम्ही सगळे रवांडाचेच आहों, असें सांगितलें. सहा मुलें तेथेंच ठार झालीं, पुष्कळ जखमी झालीं. १९९४ पूर्वीं त्या देशांतील शाळांतून मास्तर मुलांना जमातवार उभें करून मोजीत असत. मास्तरांनीं जें शिकविलें होतें, तें या मुलांनीं जीव देऊन पुसलें. आमच्या पेशाच्या माणसांनीं ही गोष्ट हजेरीच्या पुस्तकांत पहिल्या पानावर लिहून ठेवावी.

पुढें त्या देशानें ओळखपत्रावरील जमातीचें नांव काढून टाकलें. २००२ ते २०१२ पर्यंत गांवोगांव 'गचाचा' नांवाच्या सुमारें बारा हजार पंचायती भरल्या, आणि गांवच्या पंचांपुढें मारेकऱ्यांना उभें राहून उत्तर द्यावें लागलें. हा न्यायही पुरा नव्हता. नव्या राज्याच्या फौजेनें सूडापोटीं जे लोक मारले, उदाहरणार्थ १९९५ सालीं किबेहोच्या छावणींत, त्यांचा निवाडा त्या पंचायतींपुढें आला नाहीं. धर्मसत्तेनें १९९६ सालीं सांगितलें होतें कीं, कांहीं सभासदांच्या पापाबद्दल धर्मसंस्थेस जबाबदार धरतां येणार नाहीं. तेथील बिशपांनीं क्षमा मागितली ती २०१६ सालीं, आणि पोप फ्रान्सिस यांनीं मागितली ती २०१७ सालीं. देवाचें मौन किती काळ टिकतें हें कोणी मोजलेलें नाहीं. त्याच्या कारभाऱ्यांचें मौन तेवीस वर्षें टिकलें.

बंधुभगिनींनो, ज्याची श्रद्धा आहे त्यानें ती टाकावी असें आम्ही म्हणत नाहीं, आणि ज्याची नाहीं त्यानें ती धरावी असेंही म्हणत नाहीं. आमचें सांगणें तीन गोष्टींचें आहे. कोणावर आकाश कोसळलें, तर त्याच्या दारांत जाऊन कर्माचा हिशेब सांगूं नका; भाकरी घेऊन जा. देवाची किल्ली कोणा एकाच्या कमरेला राहूं देऊं नका, मग तो भट असो, पाद्री असो, मुल्ला असो, कीं आपल्याच जातीचा नवा महाराज असो. आणि तिसरी सर्वांत महत्त्वाची: तुमच्या गांवांत जातीवार घरांची यादी घेऊन कोणी आला, तर ती कोणत्या जातीची आहे हें विचारूं नका. यादी फाडा, आणि ज्याचें नांव तींत आहे त्यास घरांत घ्या.